शिंप, सिप्पी, चिप्पा

खलील सर नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. आधी विचारत, "तुमच्याकडं शिंपल्याला काय म्हणतात?"

लातूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी रुजू झाले, तो माझा पहिला दिवस. स्टाफरूममध्ये कोणाची खुर्ची कोणती हे ठाऊक नव्हतं, म्हणून खिडकीपाशी अंग चोरून उभी होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, उंच, मानेत जरासा वाकलेला एक माणूस समोर आला. त्यानं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हा प्रश्न टाकला. मला वाटलं, नव्या बाईची फिरकी घेतायत. मी कोरडेपणानं म्हटलं, "शिंपला."

"तो झाला शाळेतला. घरी? आजी काय म्हणायची?"

नांदेडच्या आमच्या स्वयंपाकघरात कैऱ्या सोलायला मधोमध घासून भोक पाडलेला एक शिंपला असायचा. उन्हाळ्यात आजी पदर खोचून बसायची आणि ओरडायची, "अगं, शिंप आण!" कितीतरी वर्षांत तो शब्द माझ्या तोंडात आला नव्हता.

"शिंप," मी म्हटलं.

"हां! आता बसा." सरांचा चेहरा असा खुलला, की मी त्यांना काही भेट दिली असावी. "मी खलील. प्राणिशास्त्र. गाव बिलोली. आमच्याकडं एकाच चिजेला तीन नावं हायत, सवडीनं सांगतो."

हा प्रश्न ते कोणालाही विचारत. बसस्टँडवर पेरूवालीला, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्याला, एकदा तर कॉलेजच्या तपासणीसाठी आलेल्या मोठ्या साहेबांना. साहेब गोंधळले, मग हसून म्हणाले, "आमच्या आईचा शब्द होता खरा, पण आता आठवत नाही." सर पुढची सगळी तपासणी त्यांच्याकडे हळहळून बघत राहिले. निलंग्याकडचा शिपाई 'चिप्पु' म्हणाला, तेव्हा त्याला सरांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी दिली. मी एकदा म्हटलं, "सर, हे सगळं लिहून का ठेवत नाही?" तर म्हणाले, "लिवलं की माणूस परत विचारायला जात न्हाई, मॅडम. मला तर माणसांकडं जायचंय."

त्यांचं घराणं चुन्याचं. मांजरेच्या पात्रातले शिंपले गोळा करायचे, भट्टीत भाजायचे, त्याचा पांढराशुभ्र चुना बिलोलीच्या बाजारात विकायचा. सर लहानाचे मोठे झाले ते भट्टीच्या धुरातच. घरात बोलायची दखनी, भट्टीवर शिंपले घेऊन येणाऱ्या बाया तेलुगू बोलायच्या आणि शाळा मराठी. दादी म्हणायची सिप्पी. बाया म्हणायच्या चिप्पा, नाहीतर आलचिप्पा. गुरुजी म्हणायचे शिंपला.

"मला वाटायचं, ह्या तीन येगळ्या वस्तू हायत," सर सांगायचे. "एक रोज दादी म्हणली, नदीवरनं सिप्पी आण. बाया म्हणल्या, चिप्पा पण आण रे. आणि गुरुजींनी वर्गात दाखवायला शिंपला मागितलेला. मी नदीत उतरलो आन् इमानदारीनं तीन जातीचे हुडकले. लंबा तो सिप्पी, गोल तो चिप्पा, चांगला चमकदार तो शिंपला. दादीच्या पुढं मांडले. दादी इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. म्हणली, बेटा, चीज एकच हाय. बुलानेवाले अलग हैं."

हे सांगताना ते दादीसारखेच हसायचे, खांदे हलवत. आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "त्याच दिवशी मी प्राणिशास्त्राचा मास्तर झालो."

त्यांचा तास मी पहिल्यांदा ऐकला तो व्हरांड्यातून जाता जाता. आत हशा उसळला म्हणून थांबले. पुस्तकात गोगलगायीच्या शंखाला, कासवाच्या पाठीला, शिंपल्याला एकच शब्द दिलेला होता, कवच. सरांना तो शब्द पटत नसे. "कवच म्हणजे चिलखत," ते सांगत होते. "राजा लढाईला निघाला की अंगावर चढवतो, आला की उतरवतो. गोगलगाय काय संध्याकाळी घरी जाऊन कवच खुंटीला टांगती का? हे तिनं आपल्याच अंगातून केलंय. ती वाढली की ते वाढतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पेपरात कवचच लिवा बाबांनो, नापास होऊ नका. पण समजून काय घ्यायचं ते मी सांगितलं."

आमचा वाद व्हायचा तो शब्दाच्या जन्मावरून. मी संस्कृत शिकलेली. पहिल्याच महिन्यात ठासून सांगून टाकलं, की शिंप म्हणजे शुक्ती, झालं. सरांनी मान डोलावली. दोन दिवसांनी चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "मॅडम, त्या 'क्त'चा 'प' कसा झाला म्हणे?"

मी मनातल्या मनात नियम लावून पाहिला. रक्ताचं प्राकृतात रत्त होतं, भक्ताचं भत्त. त्या हिशेबानं शुक्तीची सुत्ती व्हायला हवी, शिंप नव्हे. मी घरी जाऊन पुस्तकं काढली. पालीत आणि प्राकृतात 'सिप्पी' सापडली, थेट त्यांच्या दादीच्या तोंडातली. पण ती कुठून आली यावर जाणकारांचं एकमत नव्हतं. बरेच जण दक्षिणेकडे बोट दाखवत होते, तेलुगू चिप्पा आणि कन्नड चिप्पुकडे. तिकडे त्या शब्दाचा पसारा केवढा! शिंपला चिप्पा, कासवाची पाठ चिप्पा, खोबऱ्याची वाटी चिप्पा, गुडघ्याची वाटी चिप्पा; इतकंच काय, भिकाऱ्याच्या हातातलं भांडंही चिप्पाच.

मी हे सगळं हिरिरीनं सरांना सांगितलं आणि म्हटलं, "म्हणजे शब्द तुमचा, बिलोलीकडचा. मी हरले."

त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "हारजीत कशाला लावून राहिलात? दोन शेजारणी हायत समजा. भिंतीला भिंत. इकडनं वाटीभर साखर गेली, तिकडनं वाटीभर डाळ आली. लई वर्षं झाली. आता ती वाटी मूळची कुणाची, कोण सांगणार? दोघींच्या घरात सैपाक झाला ना, बस्स."

मग किल्लारीचा भूकंप झाला.

त्या पहाटे लातूरही हललं. आम्ही सगळे रस्त्यावर आलो. पण खरं काय घडलंय ते दिवस वर आल्यावर कळलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यावर मातीची जड माळवदं. झोपलेली गावंच्या गावं त्याखाली गेली होती. वरून पाऊस. दुसऱ्या दिवशी कॉलेजची मुलं घेऊन आम्ही औशाकडे निघालो. तिथं एका शाळेत वाचलेल्यांना आणलं होतं. सर जीपमध्ये माझ्यासमोर बसले होते. त्या वाटेवर त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही.

शाळेच्या एका वर्गात सोजराबाई नावाची म्हातारी होती. मांडीवर काही महिन्यांचा नातू. मुलगा गेला होता. सून पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात. लेकरू आईच्या अंगावर पिणारं. त्याला दूध मिळावं म्हणून लोकांनी बाटल्या दिल्या, डबे दिले, पण ते बाटलीला तोंड लावत नव्हतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आणि म्हातारी एकच मागत होती, "शिंपी द्या मला. कुनी तरी शिंपी द्या."

मदतीला आलेली मुंबईची दोन मुलं बिचारी धावपळ करत होती. त्यांना वाटलं, आजीला शिंपी हवाय, कपडे शिवणारा. त्यांनी तिच्यापुढे लुगडी आणून ठेवली. ती नको म्हणाली. मग एकजण कुठून तरी सुईदोरा घेऊन आला. सोजराबाईनं तो हातानं लोटला आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "हिला सुधरत नाहीये," असं कोणीतरी म्हणालं. डोक्यावर परिणाम झालाय असंच सगळ्यांना वाटायला लागलं होतं.

खलील सर दारातून चालले होते. ते थांबले. आत आले आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. उजव्या हाताचा पंजा वाटीसारखा वाकवून त्यांनी तिला दाखवला.

"आजी, सिप्पी का? लेकराला पाजायची?"

म्हातारीनं त्यांचा हातच धरला. "हाव रे बाबा, हाव! घरात व्हती माजी. मह्या सासूची व्हती. तिच्यावर मही सगळी लेकरं वाढली. कुनालाच कळंना गेलंय रं मी काय म्हनून राहिले ते."

डॉक्टरांनी सांगितलं, की स्टीलचा चमचा चालेल, वाटी चालेल. चमच्यानं प्रयत्न करून झाला होता. चमचा धरला की तिचा हात लटलटायचा आणि दूध लेकराच्या मानेवर सांडायचं. सर उठले, जीपवाल्याला म्हणाले, "लातूर." मी सोबत गेले. पाऊस चालूच होता. कॉलेज बंद, प्रयोगशाळेला कुलूप. शिपायाला घरून बोलावून आणलं. काचेच्या कपाटात नमुने ओळीनं मांडलेले होते. सरांनी एक उचलला, मग ठेवला, दुसरा उचलला. अंगठ्यानं त्याची धार तपासली. त्यावर शाईनं लॅटिन नाव लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. ती त्यांनी नळाखाली धरून, नखानं खरवडून काढली आणि प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसून त्या शिंपल्याची कड दगडावर घासत राहिले. कितीतरी वेळ. मी म्हटलं, "पुरे ना, सर." ते म्हणाले, "ओठ हाय मॅडम तो. पुरे कसं?"

औशाला परतल्यावर शिबिराच्या चुलीवर पाणी उकळून त्यात शिंपला टाकला. मग तो सोजराबाईच्या हातात दिला. तिनं तो आधी स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवला, अगदी सावकाश, दोनदा. मान हलवली. लेकराला आडवं घेतलं, दूध भरलं, आणि शिंपल्याचं निमुळतं टोक त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवलं.

तिचा हात हलत नव्हता. मी तेच बघत होते. सकाळपासून लटलटणारा तो हात. लेकरानं आधी तोंड फिरवलं, मग एक घोट गेला. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला. मग दुसरा. वर्गातल्या सगळ्या बाया आपापलं दुःख घेऊन तिकडे बघत बसल्या होत्या. त्यातली एक एकदम मोठ्यानं रडायला लागली आणि मग सगळ्याच रडल्या. सोजराबाई मात्र रडली नाही. तिला काम होतं.

सर बाहेर गेले होते. शाळेच्या भिंतीशी पाठ लावून ते पावसात उभे होते. चष्मा काढलेला होता. मी जवळ गेले नाही.

दिवाळीनंतर सून कुबड्या घेऊन परतली आणि ती तिघं पत्र्याच्या शेडात राहायला गेली. सर मधूनमधून जाऊन यायचे. कॉलेजात कपाटातली ती रिकामी जागा प्राचार्यांच्या लक्षात आली. त्यांनी विचारलं, "खलील सर, नमुना कुठं गेला?"

"कामावर गेलाय," सर म्हणाले. प्राचार्यांनी पुन्हा विचारलं नाही. ही गोष्ट सरांनी स्वतःहून कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. मी एकदा चारचौघांत काढली, तर मला अडवून म्हणाले, "मी काय केलं? म्हातारी शब्द बराबर बोलत होती. ऐकणारे कमी पडले."

पुढे लातूर बदललं. गल्लीगल्लीत क्लास, वरच्या मजल्यावर वसतिगृह, खाली मेस, आणि चौकाचौकात पास झालेल्या पोरांचे फोटो. बीड, परभणी, नांदेडपासून आईबाप पोरं आणून सोडायचे. निवृत्तीनंतर सरांनाही एका क्लासनं बोलावून घेतलं. संचालक माझाच जुना विद्यार्थी. हुशार, कष्टाळू पोरगा. एका सकाळी तो माझ्या घरी आला.

"मॅडम, तुम्हीच समजावा सरांना. सर मला वडिलांच्या जागी हायत, मी काय बोलणार? मृदुकाय प्राण्यांचा धडा पोरांना एका तासात पायजे. सरांनी आख्खा तास शिंपला शब्दावर घालवला. पालक विचारून राहिलेत."

मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. हॉल खच्चून भरलेला. सर आता जास्तच वाकले होते. गळ्यात माइक अडकवला होता आणि तो त्यांना सारखा टोचत होता. त्यांनी धडा भराभर घेतला, प्रश्न सोडवून दिले, संचालकाला हवं तसं सगळं. शेवटी थोडा वेळ उरला. तेव्हा त्यांनी माइक काढून ठेवला.

"गंगामणी, उठ बेटा."

भिंतीकडेची एक सावळी, किडकिडीत मुलगी उठली. देगलूरच्याही पलीकडची, तेलंगणाच्या शिवेवरच्या गावची. मागची पोरं लगेच कुजबुजली. तिच्या मराठीची ते नक्कल करायचे हे मला तिथंच कळलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"तुझ्या घरी शिंपल्याला काय म्हणतात?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बोल. माझ्या गावाकडची हायस तू. मला तर माहिती हाय. ह्यांना सांग."

"आलचिप्पा," ती पुटपुटली.

"आन् गुडघ्याच्या वाटीला?"

"मोकाली चिप्पा."

सर मागच्या पोरांकडे वळले. "तुम्ही काय म्हणता? शिंपला. आता ऐका. हा तुमचा शब्द आन् हिचा शब्द, बहिणी हायत. लई जुन्या. कदाचित हिच्याकडचा शब्द तुमच्या घरी नांदायला आलाय. तुम्ही ज्याला हसून राहिलात ती तुमच्याच घरची बोली हाय. म्हणा सगळ्यांनी, आलचिप्पा."

हॉलभर आवाज घुमला. काही पोरं हसली, पण आधीसारखी नाही. गंगामणीनं मान वर केली आणि चढ्या आवाजात म्हणाली, "सर, 'ल' असं नाही. जीभ मागं नेत नाहीत." मग तिनं स्वतः म्हणून दाखवलं आणि सगळ्यांकडून, सरांकडूनसुद्धा, पुन्हा म्हणवून घेतलं.

खाली संचालक वाट बघत होता. मी त्याला सांगितलं, "मी काही समजावणार नाही. तूच एकदा वर जाऊन बस." तो बसला नाही. वाईट नव्हता तो. त्याला वेळापत्रक होतं. वर्ष संपल्यावर त्यानं सरांना शाल दिली, पाया पडला, आणि नव्या वर्षाच्या फलकावर सरांचा फोटो नव्हता. सरांना मी विचारलं, वाईट वाटलं का? "वाटलं ना," ते सरळ म्हणाले. "पोरांची सवय झाली होती." महिन्याभरात त्यांनी लातूरचं घर आवरलं आणि झुबेदा भाभींना घेऊन बिलोलीला गेले. बस सुटताना खिडकीतून ओरडले, "या मॅडम! नदी हाय, हवा हाय!"

मी जायला उशीर केला असं नाही, पण गेले तेव्हा त्यांना लकवा होऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. भाभींनी मला पलंगाजवळ बसवलं आणि आत गेल्या. सरांनी ओळखलं. डोळे हसले. मग त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि काहीतरी सांगायला लागले. घशातून नुसता घरघरता आवाज. पुन्हा पुन्हा तोच आवाज.

मी कान देऊन ऐकू लागले. माझ्या मनात काय काय आलं. हा माणूस आयुष्यभर शब्दांच्या मागे गेला. आता शेवटचं काही सांगायचं असेल. "सर, पुस्तकाचं म्हणताय का? तुमचं सगळं मी लिहून काढू?" त्यांनी मान हलवली. नाही. "विद्यार्थी? कोणाला निरोप द्यायचाय?" नाही. "लातूरची आठवण येते?" नाही. मी विचारत गेले, ते नाही म्हणत गेले. शेवटी त्यांना हसू फुटलं. अर्ध्याच चेहऱ्यावर, पण खांदे मात्र हलले. माझे डोळे भरून आले.

भाभी ट्रे घेऊन बाहेर आल्या. "अहो मॅडम, तुम्ही कशाला रडून राहिलात? कवाधरनं ते एकच म्हणून राहिलेत. चाय पिल्याबिगर जाऊ नका."

सरांनी माझं मनगट सोडलं आणि जोरात मान हलवली. हाव.

मी कप घेतला. म्हशीचं दूध, भरपूर साखर, आलं ठेचून घातलेलं. सर माझ्याकडे बघत होते, पाहुणा नीट घेतोय ना, अशा नजरेनं. चहा गरम होता. मी फुंकर घालत सावकाश प्याले, तळाशी घोटही उरू दिला नाही, आणि रिकामा कप त्यांना दाखवला. तेव्हा कुठे ते उशीवर मागे टेकले.

पंधरवड्यानं भाभींच्या भाच्याचा फोन आला, की सर गेले.